चौकात बाई गप्प

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंचा आवाज असा, की गाडीच्या काचा बंद असल्या तरी फुटपाथवरचा माणूस दचकून आपलंच काही चुकलं का ते बघायचा. "क्लच! अहो, पाय ठेवायचा पाट नाही तो!" अशी त्यांची सकाळ सुरू व्हायची. सध्या त्यांच्या तावडीत एक दाताचा डॉक्टर सापडला होता. दिवसभर लोकांना "घाबरू नका, काही होत नाही" म्हणणारा हा गृहस्थ स्टिअरिंगला हात लावताच घामाघूम व्हायचा आणि त्याचा जबडा आपोआप खाली पडायचा. "डॉक्टर, तोंड मिटा आणि आरशात बघा," बाई ओरडायच्या.

पण चौक आला की बाई गप्प. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्याच्यावर पाय अलगद टेकवायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, आत्ता निघायचं की समोरची बस जाऊ द्यायची, ते शिकणाऱ्यानं ठरवायचं. मागून हॉर्न वाजोत नाहीतर शिव्या येवोत. "चौकात मी बोलले, तर हा जन्मभर शेजारच्या सीटकडे बघत गाडी चालवणार," असं त्या सांगायच्या. या नियमाचा त्यांना भारी अभिमान होता.

घरी त्या आणि त्यांची नात, एवढीच माणसं. नात बोबडं बोलत होती तेव्हा तिची आई, म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी, आजारपणात गेली. जावई पार खचला. "आई, थोडे दिवस हिला सांभाळा," म्हणून पोर बाईंच्या मांडीवर ठेवून तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. पोर शिकवणीच्या गाडीच्या मागच्या सीटवर वाढली. तिथंच दूध प्यायली, तिथंच झोपली, तिथंच पाढे पाठ केले. कुणी गिअर चुकला की मागून बारीक आवाज यायचा, "तिसरा नाही ओ, दुसरा!" बाईंनी तिला बुटकी म्हणायला सुरुवात केली ती तेव्हा. आता पंधराव्या वर्षी ती आजीच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची, तरी नाव बुटकीच राहिलं.

जावयानं मध्यंतरी दुसरं लग्न केलं होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून मोकळ्या झाल्या असत्या. पण तो न चुकता भेटायला यायचा, आणि त्याची बायकोही फोनवर पोरीशी प्रेमानं बोलायची. मागच्या खेपेला चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "आई, हिला आता माझ्याकडे न्यावं म्हणतो. पुढच्या शिक्षणाला तिकडे बरं पडेल. पण जबरदस्ती नाही. रविवारी संध्याकाळी येतो. येते म्हणाली तर नेईन, नाही म्हणाली तर पुन्हा विषय काढणार नाही."

"तिचं ती ठरवेल," बाई म्हणाल्या. तोंडानं म्हणाल्या एवढंच.

त्यांना पोर जायला नको होती. रात्री झोपेत त्यांचं पांघरूण ओढून घ्यायला, "आजी, तुझा चष्मा फ्रीजमध्ये कसा गेला?" म्हणून खिदळायला त्यांना ती घरात हवी होती. पण तोंड उघडायची त्यांना भीती वाटत होती, कारण एकदा उघडलं होतं. त्यांच्या मुलीलाही तरुणपणी लांब शिकायला जायचं होतं. बाईंनी रडून, अबोला धरून तिला अडवलं. ती थांबली. पण पुढे कधीही काही बिनसलं, की ती आईकडे बघून एवढंच म्हणायची, "तू जाऊ दिलं असतंस तर." दवाखान्यातही एकदा म्हणाली. ते वाक्य बाईंच्या उरात रुतून बसलं होतं. या खेपेला आपण मध्ये पडायचं नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं. शनिवारी पोर शाळेत असताना त्यांनी तिचे कपडे धुऊन, इस्त्री करून बॅगेत भरले आणि बॅग पलंगाखाली आत सरकवून ठेवली. जायचं म्हणाली तर ऐनवेळी धांदल नको. राहते म्हणाली तर गुपचूप परत कपाटात, कुणाला कळणारही नाही.

रविवारी सकाळी पोरगी म्हणाली, "आजी, आज गाड्यांचं प्रदर्शन बघायला जाऊ या. त्या काचेच्या इमारतीत. फुकट आहे."

"रोजच्या गाड्यांनी माझा जीव जातो आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाड्याच? आणि फुकट म्हणजे जाताना काहीतरी गळ्यात मारणार ते."

"चल ना गं. मला तुझ्याबरोबर एक गाडी बघायचीय."

बाई ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. पोरगी गप्प गप्प होती. जायचं ठरवलंय म्हणून जड जात असेल, असं बाईंना वाटलं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये फरशी अशी चकचकीत, की बाईंनी आधी चपला पुसल्या. मधोमध एक लाल गाडी गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर सावकाश फिरत होती आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते. "हिला चक्कर नाही का येत?" बाई म्हणाल्या, तर पोरगी हसली नाही. एका जुन्या गाडीला मधोमध कापून तिचं आतलं सगळं उघडं करून ठेवलं होतं. एरवी पोरीनं तिथं प्रश्न विचारून जीव नकोसा केला असता, पण आज ती बाईंचा हात धरून सरळ पुढे निघाली. या वयात पोरं चारचौघांत हात धरत नाहीत. बाईंच्या ते लक्षात आलं, आणि तळहाताला घाम आला तरी त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

हॉलच्या टोकाला एक जुनी, पिवळी, ठेंगणी गाडी उभी होती. दोन्ही सीटपुढे ब्रेक असलेली शिकवणीची गाडी. बाईंनी पहिल्यांदा नोकरी धरली तेव्हा अगदी अशीच होती त्यांच्याकडे, आणि तिच्याच मागच्या सीटवर बुटकी झोपायची. पाटीवर लिहिलं होतं, आत बसायला हरकत नाही.

"शाळेच्या सहलीत आले होते तेव्हाच ठरवलं होतं, तुला दाखवायची," पोरगी म्हणाली. "बस ना. तू तुझ्या जागेवर, मी चालवते."

दोघी आत बसल्या. पोरीचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. बाईंचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. दार लावल्यावर बाहेरचा गलका कमी झाला आणि जुन्या रेक्झिनचा वास आला. बाईंच्या मनात काहीतरी हललं, म्हणून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पाठ ताठ! आरसा लाव आधी."

पोरीनं आरसा लावला, खोटा खोटा गिअर टाकला. थोडा वेळ दोघी त्या उभ्या गाडीतून कुठंतरी जात राहिल्या. मग पोरगी समोर बघतच म्हणाली, "बाई, चौक आला."

तिनं कधी त्यांना बाई म्हटलं नव्हतं.

"मग?"

"एकीकडे बाबांचं घर, एकीकडे आपलं. कुठं वळू?"

बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. घरी चल, बुटके. नको जाऊस, मला करमायचं नाही, मी मरेन एकटी. एवढं सगळं आलं होतं, आणि त्याच्याही पुढे दवाखान्यातल्या पलंगावरचं ते वाक्य येऊन उभं राहिलं. बाईंनी पाय ब्रेकवर तसाच अलगद ठेवला आणि ओठ मिटून घेतले.

"सांग ना, आजी."

"तुला जिकडे जायचंय, तिकडचा इंडिकेटर दे," बाई म्हणाल्या. आवाज असा कोरडा निघाला की त्यांचा त्यांनाच परका वाटला.

पोरीनं त्यांच्याकडे मान वळवून बघितलं. बराच वेळ बघितलं. बाई काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर नियम मोडला असता. बाहेर एक लहान मुलगा आपला नंबर कधी लागतो म्हणून वडलांच्या मागे लागला होता. पोरीनं इंडिकेटरची दांडी खाली ओढली. दिवा लागलाच नाही, नुसता टक् आवाज झाला.

"बाबांकडे जाते मग," ती म्हणाली.

"छान," बाई म्हणाल्या.

परीक्षेत पास होणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच म्हणत. आज ते म्हणताना त्यांचं काळीज चिरत गेलं, पण त्यांना वाटलं, जमलं. एकदा का होईना, आपण कुणाला अडवलं नाही.

बाहेर पडताना दारातल्या मुलीनं दोघींना गाडीचं चित्र असलेला एकेक स्टिकर फुकट दिला. पोरीनं आपला आजीच्या पदराला चिकटवला. वाटेत आइस्क्रीम घेऊ का विचारलं, तर नको म्हणाली.

संध्याकाळी जावई आला. पोरीनं स्वतःच पलंगाखाली वाकून बॅग बाहेर ओढली, तेव्हा बाई चपापल्या. जावई त्यांच्या पाया पडला. त्याचेही डोळे भरले होते. "आई, तुम्ही एवढं समजून घेतलंत," म्हणाला. बाई मान हलवत राहिल्या. पोरगी गाडीत बसली. इंजिन सुरू झालं. बाई खिडकीशी वाकल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "पट्टा लाव."

"बॅग मी सकाळीच बघितली होती," पोरगी म्हणाली. "माझे मोजे पण घडी घालून ठेवलेस."

"धांदल नको म्हणून गं."

"म्हणून तर तुला त्या गाडीत नेलं. मला वाटलं, त्या सीटवर बसल्यावर तरी ओरडशील, जाऊ नकोस म्हणून. सगळ्या जगावर ओरडतेस." तिचा आवाज फाटला. "चौकात तू गप्प बसतेस, मला माहीत आहे. पण मी काय तुझी शिकाऊ होते, आजी?"

जावयाला वाटलं, निरोप घेऊन झाला. त्यानं गाडी पुढे घेतली. काच वर गेली. बाईंच्या तोंडून "थांब" निघालं, पण तो त्यांचा आवाज नव्हताच, एवढासा होता. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली आणि त्या रस्त्यावर उभ्याच राहिल्या.

रात्री त्यांनी फोन केला. पोरगी बोलली, नीट बोलली. पोचलो, घर छान आहे, खोली मोठी आहे. "ये परत" असं बाई म्हणाल्या तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, "आता कसं गं, आजी. बाबांनी किती आनंदानं खोली रंगवलीय." मोठ्या माणसासारखं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरची शिकवणी होती. त्या दिवशी तो कधी नव्हे तो झकास चालवत होता. तोंड मिटलेलं, आरशात नजर. मोठा चौक आला. सिग्नल हिरवा होता, रस्ता मोकळा होता, डॉक्टरनं इंडिकेटर दिला आणि वळायला सुरुवात केली. गाडी कचकन जागेवर थांबली. बाईंचा पाय ब्रेकवर शेवटपर्यंत दाबलेला होता.

मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. डॉक्टर घाबराघुबरा होऊन चारी बाजूंना बघू लागला. "काय झालं? बाई, माझं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पाय काढायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना काढता येईना.