सासऱ्यांचा मंद हात

माणसाने सासऱ्याला फसवू नये. फसवायचंच असेल, तर ज्याने उभा जन्म रणगाड्यांचे सुटे भाग तपासून 'नापास' म्हणत परत पाठवले, त्याला तर मुळीच फसवू नये. हे शहाणपण मला चेन्नईत, अण्णा नगरच्या आमच्या छोट्या घरात सुचलं. अर्थात फसवून झाल्यावर.

मी पुण्याहून आलेला, सिरुसेरीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. बायको इथलीच, तंजावरी मराठी. सासूबाई गेल्या तेव्हा सासरे आमच्याकडे राहायला आले. पेपर वाचून झाला की खिडकीशी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायचे. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

"अप्पांना कशात तरी गुंतव," बायको म्हणाली. "तुझ्यावर सोडते."

त्याच सुमारास कॉम्प्युटरवर दोघांनी मिळून खेळायचा एक नवा गोळीबाराचा खेळ बाजारात येणार होता. दोन शिपाई, समोर राक्षसी किड्यांची फौज. मासिकांत त्याच्याबद्दल आलेलं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं. घरी विषय काढला आणि अटी सुरू झाल्या. बायको म्हणाली, रक्त नको, रडारड नको, सूर हलका हवा. सासऱ्यांचं उलटंच. "बंदूक चेष्टेचा विषय नव्हे, जावईबापू. विनोद शिपायांनी करावा, बंदुकीने नव्हे." माझी अट एकच होती, चित्र अडखळता कामा नये. खेळ डोळ्यांनी न पाहताच मी तिन्ही गोष्टींची हमी देऊन टाकली.

खेळ आला. जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर मांडले, मधे वायर जोडली. एक माझा, दुसरा बायकोचा, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. चित्र झरझर पळावं म्हणून मी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. एकच. ते कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, हे सांगायला नकोच.

माझे किडे लोण्यासारखे सरकत यायचे. सासऱ्यांचे थबकत, उड्या मारत यायचे. ते गोळी झाडायचे तेव्हा किडा तिथून केव्हाच निघून गेलेला असायचा. मग त्यांचा शिपाई पडायचा. या खेळात पडलेल्याला स्वतःहून उठता येत नाही. जोडीदाराने मागे येऊन, शेजारी बसून, बटण दाबून धरायचं. पहिल्या रविवारी मी येत राहिलो. दुसऱ्या रविवारी पुढचं दार उघडं दिसलं आणि मी पळालो. एकदा नव्हे, चारदा.

तिसऱ्या रविवारी त्यांनी माउस हळूच बाजूला ठेवला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "या बोटांना केसाएवढा फरक कळायचा एके काळी," ते म्हणाले. "हात मंद झाला आता."

इथे कोणीही भला माणूस खरं बोलला असता. मी म्हणालो, "सराव हवा, अप्पा."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खिडकी, पुन्हा बस. बायको नुसती बघायची माझ्याकडे, ते रागावण्याहून वाईट.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी इथे हातोडीपासून बसपर्यंत साऱ्यांना गंध-कुंकू लागतं. सासऱ्यांचा कारखान्यातला नियम असा, की अवजार आतून साफ केल्याशिवाय त्याला कुंकू लावायचं नाही. सकाळी मी फुलं घेऊन आलो, तर वर्तमानपत्रावर दोन्ही कॉम्प्युटर पोट उघडून पडलेले, आणि सासरे रंगाच्या ब्रशने धूळ झाडताहेत. माझ्या हातातली फुलं जड झाली.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "याच्या पोटात एक भाग जास्त दिसतो."

"हो का?" मी म्हणालो. पगार मला कॉम्प्युटर कळतो म्हणून मिळत होता.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं, आणि पुन्हा ब्रश फिरवू लागले. दुपारी दोन्ही कॉम्प्युटरना सारखाच टिळा लागला, सारखीच शेवंती वाहिली. पूजेतल्या अवजाराला दिवसभर हात लावायचा नसतो, त्यामुळे मला आत डोकावताही येईना.

दुसऱ्या दिवशी पूजा हलली, मी अंघोळ करून आलो, तर सासरे खुर्चीवर तयार. "बसायचं काय?"

खेळ सुरू झाला आणि माझे किडे थबकत, उड्या मारत आले. अर्ध्या मिनिटात मला उमगलं. कार्ड त्यांनी कालच हलवलं होतं, आणि मी अंघोळीला गेलो तेवढ्यात बायकोने कार्डाबरोबर आलेली सीडी घालून उरलेलं काम उरकलं होतं. तक्रार करायला तोंड नव्हतं. मी पडलो.

सासरे दारापाशी पोचले होते. दार उघडं होतं. ते वळले, तो किड्यांनी भरलेला दालनभर रस्ता एकही गोळी वाया न घालवता परत आले, माझ्या शेजारी बसले आणि बटण दाबून धरलं.

मी पाच वेळा पडलो. पाचही वेळा ते आले.

पाचव्यांदा माझ्याने राहवेना. "अप्पा, तुमचा हात मंद नव्हता."

"ठाऊक आहे. काल कळलं," पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले. "उठा आता. डावीकडून येताहेत."