गवतावर अंथरलेल्या गाद्या

किनुए होसाका कुणाच्या बापाला भ्यायची नाही, हे आमच्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक. युद्धानंतर सोडतीत इथलं घर लागलं, तेव्हा ती नवी नवरी होती. दोन इमारतींमधल्या हिरवळीवर तिची लेक चालायला शिकली. नवरा गेला तेव्हा ती तिथेच बसून पोटभर रडली. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून तिथलं तण उपटायचा रिवाज. हल्ली सगळ्यांचे गुडघे गेलेत, म्हणून किनुए एकटीच उपटते.

आणि वसाहतीचं कार्यालय म्हणतं, हिरवळ कुणी वापरत नाही, तिथे गाड्या लावायला फरशी घालू. वापरत नाही म्हणे. डोळे फुटले होते की काय यांचे?

मोजणीच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. अशा दिवशी घरोघरी गाद्या गॅलरीत वाळत पडतात. किनुएनं आपली गादी जिन्यावरून ओढत खाली आणली आणि गवतावर अंथरली.

वरच्या मजल्यावरचा म्हातारा ताकेमोरी गॅलरीतून ओरडला, "किनुएबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? गॅलरीला काय झालं?"

"ते मोजायला येतायत. कुठे पाय ठेवतात बघू. वरून तोंड चालवण्यापेक्षा तुमचीही आणा खाली."

ताकेमोरी कुरकुरतच आला, पण गादी घेऊन आला. मग शेजारीपाजारी आले. कार्यालयाचा निशिगाकी टेप घेऊन पोचला तोवर हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि बूट घालून कुणाच्या अंथरुणावर चढायचं, हे आमच्याकडे चोरसुद्धा करत नाही.

"आजी, उचला हे. आम्हाला कामं आहेत."

"वाळू दे की. तुझी आजी ओल्या गादीवर झोपते का?"

निशिगाकीनं बराच वेळ वाट पाहिली. शेवटी वैतागून खाली बसला, नाड्या सोडल्या, बूट कडेला नीट जोडून ठेवले आणि किनुएच्या गादीवर पाय टाकला. ती याचीच वाट बघत होती.

"बूट का काढलेस?"

"म्हणजे काय? अंथरूण आहे तुमचं."

"बूट माणूस घरात शिरताना काढतो. तूच कबूल केलंस, हे आमचं घर आहे. आणि घरात शिरायचं तर आधी विचारायचं असतं, बाबा. मी नाही म्हणते."

निशिगाकी मोज्यांवर तसाच उभा राहिला. ताकेमोरी आपल्या गादीवर आडवा झाला. त्याच्यामागून एकेक करत सगळे आडवे झाले. किनुए तेवढी बसून राहिली, निशिगाकी परत बूट घालेपर्यंत.