पुढे की मागे

आमची आत्या पाळणाघर चालवते आणि कुणाचंही ऐकत नाही. मी धोरण-संशोधनाच्या संस्थेत नोकरीला लागले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हणजे सांगायचं आम्ही, आणि पगार तुम्हाला?"

त्या वर्षी पाळणाघरांचा निधी ठरवणाऱ्या सरकारी समितीकडून आमच्याकडे प्रश्न आला: पाळणाघरातली मुलं दुपारी झोपत का नाहीत? टीव्हीवाल्यांनी उत्तर आधीच देऊन टाकलं होतं. घरी आई हातात मोबाइल देते म्हणून! रोज संध्याकाळी तोच आरडाओरडा. समितीलाही ते पटत चाललं होतं. तसं ठरलं असतं, तर सगळा निधी आयांना शहाणपण शिकवणाऱ्या जाहिरातींवर गेला असता आणि आत्या तीन वर्षं मागत होती ते नवं छप्पर पुन्हा बारगळलं असतं.

आत्याच्या नऊ वर्षांच्या वह्या मीच संगणकात भरल्या. कोण कधी झोपलं, कधी उठलं, आणि कडेला 'पुढे' किंवा 'मागे'. आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते शब्द गाळले. आकड्यांतून धड काहीच निघेना. कागद तिला दाखवला, तर तिने चष्मा वर केला.

"माझं पुढे-मागे कुठं गेलं?"

"त्याला रकाना नव्हता."

"रकाना नव्हता! अगं, पुढच्या खोलीवर स्लॅब आहे, मागच्या खोलीवर पत्रा. भांडणं नकोत म्हणून दर सोमवारी मी पोरांच्या गाद्या अदलाबदल करते. या आठवड्यात पुढे, पुढच्या आठवड्यात मागे."

मी ताडकन उठले. तीच मुलं, तेच आईबाप, तोच मोबाइल. बदलत होतं फक्त डोक्यावरचं छप्पर! असा प्रयोग आखायला आमची संस्था दोन वर्षं नुसत्या बैठका घेते, आणि या बाईने तो भांडणं मिटवता मिटवता करून टाकला होता. मी तिला मिठी मारली. तिच्या कडेवरचं बाळ मध्ये चेंगरलं आणि त्याने भोकाड पसरलं.

गाळलेले शब्द मी एकूण एक परत भरले. कडक उन्हाळ्यात पुढे दीड तास झोप, मागे जेमतेम अर्धा तास. थंडीत फरक जवळजवळ नाहीच. आणि दर वर्षी उन्हाळा लांबतच चाललेला.

आत्याने समितीलाच पाळणाघरात बोलावलं, दुपारी दोनला, मागच्या खोलीत.

"पण मोबाइलचं काय?" अध्यक्षांनी घाम पुसत विचारलं.

"असेल त्याचंही काही. पण मोबाइल घरी राहतो साहेब, पत्रा इथं आहे. बसा ना, घाई काय आहे?"

विसाव्या मिनिटाला सही झाली. पत्र्याच्या सगळ्या पाळणाघरांना नवं छप्पर! मी अंगणात अक्षरशः नाचले. आत येऊन बघते तर आत्या वहीत नावांपुढे 'मागे', 'मागे' लिहीत बसलेली.

"आता कशाला? जिंकलो ना आपण!"

"सही झाली गं. पत्रा अजून तापतोच आहे." तिने पट्टी लावून पानावर एक नवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'छप्पर आलं ती तारीख'. मग वही माझ्याकडे सरकवली.

"हा रकाना तेवढा गाळू नकोस."