लुकमान भिरूडचं दुसरं नाव

सावद्याच्या अलीकडे, केळीच्या बागांत बुडालेल्या चिंचखेड्यात लुकमान पितांबर भिरूड या नावाचं कोणालाच काही वाटत नसे. गणपतीची वर्गणी मागायला पोरं याच नावाने हाक मारत, भजनी मंडळात टाळ हातात देतानाही हेच नाव घेत. बाहेरगावचा एखादा केळीचा व्यापारी तेवढा दचकायचा. लेवा पाटलाच्या घरात, कपाळावर गंध, आणि नाव लुकमान? मग बांधावरचं कोणीतरी सांगायचं, "नवसाचा हाये तो, पिराचा." व्यापारी मान हलवायचा आणि पुन्हा घड मोजायला लागायचा.

त्याच्या आधी त्याच्या आईची, द्रौपदाबाईची, तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्या वेळी ती गावाबाहेरच्या पिराला गेली आणि पोटातलं बाळ तिने पिराच्या ओटीत टाकलं. तिथली रीत साधी होती. मूल जगावं म्हणून ते पिराचं म्हणायचं. मुजावर त्याला नाव देणार, एका पायात चांदीची बेडी घालणार, आणि मृत्यू दारात आला तर त्याला वाटणार, हे पोर या घरचं नाहीच. मुलगा लग्नाचा झाला की हळदीच्या आदल्या दिवशी पिराला मलिदा वाटायचा, बेडी काढायची आणि नाव तिथे उतरवून यायचं. मग घरचं खरं नाव, जे बारशाला आत्याने कानात सांगून झाकून ठेवलेलं असे, ते उघड करायचं.

लुकमानच्या बाबतीत घोटाळा झाला तो बेडीने. पाय वाढला, बेडी रुतायला लागली, म्हणून सोनाराने ती लहानपणीच कापली. पुढे लग्नाच्या धांदलीत बापाला, पितांबरला, वाटलं, बायको नाव उतरवून आली. द्रौपदाबाईला वाटलं, बेडी नाही म्हणजे नवऱ्याने तेव्हाच सगळं उरकलं. मांडवात भटजींनी नाव विचारलं, तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मुहूर्त टळत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "लुकमान म्हना ना, पुढं चाला!" आणि तो लुकमानच राहिला. नंतर उतरवू म्हणता म्हणता आईबाप दोघं गेले.

हे सगळं आठवायची वेळ त्र्याण्णव साली आली, ते मुलीच्या लग्नामुळे.

हेमलताची सोयरीक धुळ्याला जमली होती. मुलगा वीज मंडळात होता. त्याचे वडील बन्सीलाल पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला मऊ, कपड्याला कडक इस्त्री. साखरपुडा झाला, तेव्हा नावाचा विषयही निघाला नव्हता. पण मधल्या हिवाळ्यात मुंबईच्या दंगलींच्या बातम्या आल्या आणि गावोगावच्या पारांवर माणसं आवाज खाली करून बोलायला लागली. फाल्गुनात बन्सीलाल स्वतः चिंचखेड्याला आले. जेवले, हात धुतले, सुपारी कातरली आणि मग म्हणाले, "इवाई, पत्रिका छापायला टाकायच्या आहेत. आमच्या पत्रिकेत तुमचं दुसरं नाव टाकू या का?"

"दुसरं म्हंजे?" लुकमानने विचारलं.

"म्हणजे घरचं. मला काही नाही हो. पण आमच्या कॉलनीत लोक विचारतात. मुलीचा बाप लुकमान कसा? प्रत्येकाला नवस कुठं समजावत बसू? आणि दिवस असे." सुपारी त्यांनी तशीच हातात ठेवली. "नाव मिळालं की कळवा. तोवर छापखाना थांबवतो."

छापखाना थांबतो याचा अर्थ लग्नही थांबू शकतं, हे घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. हेमलता आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

रात्रीच्या भाकरी थापताना बायको बेबाबाई म्हणाली, "टाका न एखादं. लक्षुमन टाका. गावात कोन वाचून रह्यलं त्यायची पत्रिका?"

"अन् पिराचं काय? नाव उतरवलं नाही, अन् परस्पर टाकून देलं तं?"

नवस मुलासाठी केलेला असतो आणि मोडला तर त्या मुलावर, म्हणजे आता नवऱ्यावरच येतो, हे बेबाबाईला कोणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. "नको बापा," ती म्हणाली. "आधी उतरवून या. मंग आत्यायले इचारा, कानात काय सांगतलं होतं. त्या हायेत तोवर इचारून घ्या."

म्हणजे दोन कामं होती. एक नाव परत करायचं आणि दुसरं मागून आणायचं. लुकमानला वाटलं, हे सोपं आहे. बागेतलं केळीचं जुनं झाड काढून मुळाशी फुटलेलं पील लावावं तसं.

मुजावर वारला होता. त्याचा मुलगा मुनाफ सावद्याच्या उर्दू शाळेत मास्तर होता आणि गुरुवारी पिराला झाडलोट करायला चिंचखेड्याला येई. लुकमानबरोबर तो लहानपणी चिंचा पाडत असे. लुकमान मलिद्याचं सामान घेऊन गेला, तेव्हा मास्तर पायरीवर बसून पायजम्याला लागलेली कुसळं काढत होता.

"इतक्या वर्षांनी परत करायला आलास?" मास्तर हसला. "वापरून वापरून झिजवलंस की रे. आता कोण घेईल?"

"मस्करी नको करू, मास्तर. पीरबाबाचं नाव बाबाले देऊन टाकू. कसं करतात ते सांग."

मास्तरने कुसळ बोटावरून फुंकून टाकलं. "बाबाचं नाव लुकमान होतं, असं तुला कोणी सांगितलं?"

गावात सगळे तसंच समजत होते.

"कबरीवर नाव आहे का कुठं? माझे आजोबा नुसतं बाबाच म्हणायचे. अब्बा नाव द्यायचे ते त्या दिवशी तोंडात येईल ते. फैजपूरच्या एका पोराला रजब दिलं, कारण महिना रजबचा होता. तुझ्या वेळी काय मनात आलं असेल, अल्ला जाणे."

"मंग लुकमान कोन?"

मास्तरला हा प्रश्न आवडला. शाळेत कोणी असले प्रश्न विचारत नसावेत. त्याने सांगायला सुरुवात केली, आणि लुकमानला एकेक लुकमान भेटत गेला. कुराणात एका शहाण्या माणसाच्या नावाचा अख्खा सूरा, म्हणजे अध्याय आहे, तो लुकमान. तो आपल्या मुलाला उपदेश करतो, जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, आवाज खाली ठेव. काही जण त्याला पैगंबर म्हणतात, बरेच जण म्हणतात की नाही, नुसता ज्ञानी. कोणी सांगतं तो सुतार होता, कोणी शिंपी म्हणतं, कोणी मेंढपाळ. हबशी गुलाम होता, असंही सांगतात. मालकाने त्याला सांगितलं, मेंढी कापून तिचे सगळ्यात चांगले दोन भाग आण. त्याने जीभ आणि काळीज आणलं. पुन्हा सांगितलं, सगळ्यात वाईट दोन आण. त्याने पुन्हा तेच आणलं.

"अन् हकीम लुकमान? ज्याच्याशी झाडं बोलायची?" हे लुकमानने कुठेतरी ऐकलं होतं.

"तो गोष्टीतला. तोच की दुसरा, कोण जाणे. आणि अरबांचा एक आणखी जुना लुकमान आहे, आद नावाच्या लोकांतला. त्याला सात गिधाडांइतकं आयुष्य मिळालं होतं. एक गिधाड मेलं की दुसरं पाळायचं. सातवं मेलं, तेव्हा तो मेला."

"नावाचा अर्थ तरी?"

"त्यातही भांडण आहे. काही लुक्म्यावरून लावतात. लुक्मा म्हणजे घास. काही म्हणतात, हा शब्द मुळात अरबीच नाही, आणखी कुठून तरी आला."

लुकमान पिराच्या पायरीवर बसला. आईची तीन मुलं काळाने घासासारखी उचलली, आणि वाचावं म्हणून चौथ्याचं नाव ठेवलं तर त्याचा अर्थ घास. की सात गिधाडांचा? मुजावराला काय सुचलं होतं? काहीच नाही? तोंडात आलं आणि दिलं? इतकी वर्षं त्याला वाटत होतं की नाव कोणाचं तरी आहे, आपण ते सांभाळून ठेवलंय. आता ते कोणाचं हेच कळेना.

"मंग देऊ कोनाले परत?" त्याने विचारलं.

मास्तरने खरोखर विचार केला. "मलिदा वाटून टाक," तो शेवटी म्हणाला. "त्यात काही चुकत नाही. नावाचं तू बघ."

मलिदा वाटला. पोरांनी हात चाटले. नाव उतरलं की नाही, याबद्दल लुकमानला काहीच जाणवलं नाही. घरी येताना मागून कोणी हाक मारली आणि तो नेहमीसारखा वळला, तेव्हा त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

पुढच्या सोमवारी तो धुळ्याला आत्याकडे निघाला. एसटीत खिडकीशी बसून त्याने स्वतःला एकेक नाव लावून पाहिलं. आत्याच्या मनात काय असेल? विठ्ठल? झुलाल? कौतिक? प्रत्येक नाव थोडा वेळ अंगावर राही आणि पारोळ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबरोबर खाली पडे. त्या नावाने वाढलेला माणूस कसा असता? असाच चालला असता का? बेबाबाई त्याला मिळाली असती का?

कलाबाई आत्या धुळ्यात लेकाकडे होती. लग्न होऊन त्या भागात गेली ती तिथलीच होऊन गेली. बोलीही तिथलीच. दाराशी खाटेवर बसून ती शेंगा फोडत होती. दिसायला कमी झालं होतं, म्हणून तिने आधी त्याचा चेहरा हातांनी पाहिला.

"लुकमान! ये भाऊ, ये. इतला वाळी गया रे? बायको खावाले देस का नही?"

चहा झाला. त्याने विषय काढला. आत्या ऐकत राहिली आणि शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "विठोबा सांगं व्हतं मी." थोड्या वेळाने म्हणाली, "नही, विठोबा तुना मोठा भाऊनं. जो पहिला गया त्यानं." आणखी थोड्या वेळाने तिने दुसरं एक नाव घेतलं आणि तेही मागे घेतलं. ते दुसऱ्याचं होतं, तेही गेलेल्याच मुलाचं.

"आत्या, मह्यं सांग. मह्या कानात काय सांगतलं?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"काहीच नही," ती म्हणाली.

लुकमानला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं.

"काहीच नही सांगं, भाऊ. तीन पोरेसना कानमा मी नाव सांगं. तीन्ही गयात. लोके म्हनाले लागनात, हिनी जीभ काळी शे. वहिनी काही बोलनी नही, पन तिना डोळा मी देखात." आत्याचा आवाज अगदी साधा होता. "तुना बारसाले मना जीव घाबरना. बठ्ठ्या बाया गानं म्हनत व्हत्यात. मी तुना कानले तोंड लावं, कुर्र करं, नि उठी गऊ. नावच लिधं नही. कोनले सांगं नही आजलोंग."

रस्त्यावरून बर्फाच्या गोळ्याची गाडी गेली. लुकमान खाली पडलेली टरफलं गोळा करू लागला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. रागवावं का? की पाया पडावं? दुसरं नाव कुठेतरी ठेवलेलं आहे आणि आपण वेळेवर गेलो नाही, एवढंच त्याला आजवर वाटत आलं होतं. तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. एका बाईने भीतीने मिटलेलं तोंड तेवढं होतं.

"आता सांगू का एखादं?" आत्याने विचारलं. ती खरंच वाकली, त्याचा कान शोधत. आणि मग तिचीच मान मागे गेली. "नको. तू जित्ता शे. ऱ्हाऊ दे."

तिथून बन्सीलालांची कॉलनी लांब नव्हती. तो चालतच गेला. काय सांगायचं ते वाटेत जुळवायचा प्रयत्न केला, पण एक वाक्य दुसऱ्याला धरून राहीना.

बन्सीलाल घरीच होते. त्यांच्या मोठ्या भावाने, उखर्डू नानांनी, ओसरीत खाटेवर पाय पसरले होते. बन्सीलालांची पत्नी मंदाबाई पाणी घेऊन आली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

"मिळालं का नाव?" बन्सीलालांनी हसून विचारलं.

"नाही. नाहीच ते." लुकमानने सांगितलं. आत्याची जीभ, मास्तर, घास, गिधाडं, सगळं उलटसुलट. बन्सीलालांना निम्मं कळलं नसावं. शेवटी तो म्हणाला, "एखादं मनानं ठेवू शकतो. पन मंग पत्रिकेत पोरीचा बाप म्हनून जो येईन, त्याले मीच वयखत नाही. इवाई, मले एकच नाव हाये. ते कोनाचं हाये, ठाव नाही. पन लग्न मोडू नका."

बन्सीलालांनी चष्मा काढला. "मोडायचं कोण म्हणतंय? असं करू. एल. पी. भिरूड टाकू. हल्ली टाकतात तसं."

"मंग माह्यंही यू. टाक," खाटेवरून आवाज आला.

"नाना, तुमचं काय मध्येच?"

"काहून? पत्रिकेत निमंत्रक म्हनून पयलं नाव कोनाचं? उखर्डू. कॉलनीवाले इचारत नाहीत? आपल्या मायचीही जगत नव्हती. मले उकिरड्यावर लोयवलं, तवा जगलो. साऱ्या उकिरड्याचा वास हाये नावाले, ते चालते तुले."

"ते आपल्यातलं नाव आहे, नाना."

"उकिरडा आपला, अन् पीर लोकाचा? याची माय त्या पिराले आपला समजूनच गेली न?" म्हातारा उठून बसला. "अरे, दोघी बायांनी काळाले फसवलं, जिले जसं सुचलं तसं. आता तू कॉलनीले भेऊन रह्यला."

मंदाबाई दारातून म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो. नाव काय चाटायचं आहे?"

बन्सीलालांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्यांना पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पण घरातच आपण एकटे पडलो आहोत, हे त्यांना दिसलं असावं. ते उठले, आतून मजकुराचा कागद घेऊन आले आणि पेनाचं टोपण काढलं.

"लोक विचारतील," ते म्हणाले.

"विचारू द्या."

"काय सांगू?"

लुकमानने उत्तर शोधलं. सुतार, शिंपी, गुलाम, हकीम, नुसता तोंडात आलेला शब्द. त्यातलं एकही हात वर करून पुढे येईना. "तेच मलेही कोनाले तरी इचारायचं हाये," तो म्हणाला.

बन्सीलालांनी नाव लिहिलं. मग पेन हवेत थांबलं. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग लुकमानकडे, आणि खरोखर गोंधळून विचारलं, "लुकमानच्या मागे श्री. लावायचं ना?"

"माह्या उकिरड्यामागे लावतो न?" नाना पुन्हा आडवे होत म्हणाले. "मंग लाव."