शेळीच्या तोंडातला मुरबाडकर

माझा आतेभाऊ कुणाच्याही घरी गेला की आधी शेळीची विचारपूस करतो, मग माणसांची. आणि शहापूर-मुरबाडातल्या जितक्या शेळ्यांच्या तोंडात त्यानं डोकावलंय, तितक्या शेळ्या एखाद्या मेंढपाळानंही पाहिल्या नसतील. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तो निवृत्त झाला तो खिशात पेनाऐवजी कापूस गुंडाळलेल्या काड्या लावूनच. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला व्याही फेटा बांधून वाट बघत होते आणि आमचा दादा गोठ्यात त्यांच्याच शेळीचा जबडा उघडून बसलेला. "माणसांची नोंद आधार कार्डावर झाली," तो विहीणबाईंना समजावत होता, "हिच्या तोंडात जे जंतू राहतात त्यांची कुणी करायची?" विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, हे तुमच्या घराण्यात हाय, का यांनाच एकट्याला?"

एका वर्षी माझ्या आईच्या शेळीच्या तोंडात त्याला एक जंतू सापडला. बल्ब लावलेल्या खोक्यात त्यानं तो पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याच्यातला जनुकांचा अर्क काढून पुण्याला पाठवला, आणि उत्तर आलं की जगात आजवर नोंदलेल्या कुठल्याच जंतूशी हा जुळत नाही. नवी जात! आता दोन देशांतल्या जंतुसंग्रहांत जिवंत नमुना जमा केला की बारसं. दादा शहापूरचा, म्हणून नाव ठरलं 'शहापुरेन्सिस'. मी भांडलो. "शेळी मुरबाडची, पाला घातला माझ्या आईनं, आणि नाव तुमचं?" आठवडाभर अबोला. शेवटी तोच म्हणाला, "बरं बाबा, मुरबाडेन्सिस. आपल्या भातसा धरणाचं पाणी मुंबई पिते, कुणी आपलं नाव घेतं का? ह्याच्यामुळं तरी घेतील." वहिनीनं आपल्या फ्रिजला जंतूंचा विटाळ होऊ दिला नाही, त्यामुळे परदेशचे कागद येईपर्यंत जिवंत नमुन्याच्या चार काचेच्या नळ्या माझ्या फ्रिजमध्ये राहिल्या.

तेवढ्यात नवरात्र आलं. आमच्यात घट बसायच्या आधी घरातलं फडकंन् फडकं धुवून निघतं. फ्रिज माझ्या वाट्याला आला. 'शेळीची लाळ' असं लिहिलेल्या नळ्या, आणि घरात घट बसणार! दादाला एक फोन करायला हवा होता फक्त. मी नळ्या उकळल्या, ब्रशनं घासल्या, उन्हात वाळवल्या, आणि दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा दादाच्या हातात ठेवल्या. "बघ, आरशासारख्या केल्यात."

दादानं एक नळी उजेडाकडे धरली. मग म्हणाला, "चहा घेतोस?"

ती शेळी तर आईनं आधीच पौषात, म्हसा गावच्या जत्रेत विकली होती. बाकीच्या शेळ्यांत तो जंतू काही सापडला नाही. तेव्हापासून दरवर्षी दादा त्या जत्रेत जायचा आणि शेळ्यांचे जबडे मी धरायचो. गिऱ्हाईक दात बघून जनावराचं वय ठरवतं, त्यामुळे सगळे आम्हाला पारखी समजायचे. "काका, दरसाल दात बघता नि घेत काय नाय!" एक व्यापारी वैतागून म्हणाला होता. नमुन्याचं कुणी विचारलं की दादा सांगतो, "माझ्याच हातून गेला." मी शेजारी उभा असतो. आजवर एकदाही मी तोंड उघडलेलं नाही.

यंदा गुडघ्यांनी त्याला घरीच बसवलं. काड्या घेऊन मी एकटाच गेलो. "ओ, घ्यायची हाय का नाय?" व्यापारी ओरडला. "नाय रे," मी म्हटलं, "आमच्यातलं एक हरवलंय, ते बघतोय." संध्याकाळी शहापूरला काड्या पोचवल्या. दादानं त्या एकेक नळीत घातल्या, चष्मा पुसून वर सावकाश 'मुरबाड' असं लिहिलं, आणि एक नळी माझ्यापुढे केली.

"ही तुझ्या फ्रिजमध्ये ठेव," तो म्हणाला. "तुझी वहिनी इथं ठेवू देत नाय."