खंडेनवमीला चालू ठेवलेला कॉम्प्युटर

धाकटी जाऊ उंबरा ओलांडून आत आली त्या दिवसापासून मी तिच्यावर जळत होते. उगीच सभ्य शब्द शोधत बसत नाही. पोटात दुखायचं, लई दुखायचं.

कारण सांगते. वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. साडीच्या काठाची न् पदराची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते, एक चौकट म्हणजे एक धागा. हे काम लग्न झाल्यापासून पंधरा वर्षं माझं होतं. गल्लीत नवी साडी दिसली की बायका विचारायच्या, हे थोरलीच्या हातचं व्हय? मग दिराचं लग्न झालं. धाकटी चिकोडीकडची, डिझाइनचा कोर्स केलेली, येताना कॉम्प्युटर घेऊन आली. मला ज्या पदराला चार दिवस लागायचे तो तिनं एका दुपारी काढून दाखवला. माझ्या जुन्या कागदांना वाळवी लागली होती, तर तिनं एकेक कागद कॉम्प्युटरात उतरवून घेतला. उरलेला भुगा आप्पांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, बंबात घातला.

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, म्हणून मी गप्प बसून वाट बघितली. नऊ दिवस गेले, पाच वर्षं गेली, हिची नवलाई काय संपेना. आप्पा तिला विचारून सूत मागवायचे. माझे मालकसुद्धा जेवताना म्हणायचे, "डोकं आहे हां पोरीला." माझ्या हातातली आमटीची पळी तशीच राहायची.

त्यात गेल्या साली तिनं ऑर्डर आणली. निपाणीच्या एका व्यापाऱ्याला लग्नसराईसाठी पाच नव्या नमुन्यांच्या साड्या हव्या होत्या, तुळशीच्या लग्नाच्या आत. घरात आलेली ही पहिली ऑर्डर, जी आप्पांच्या नव्हे तर तिच्या शब्दावर आली होती. पाचही नमुने तिनं महिनाभर बसून, घरातलेच जुने काठ नव्यानं जुळवून तयार केले. दसरा झाला की मागावर चढवायचे असं ठरलं होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी सगळीकडं झाडलोट चालली होती. तिला ई-मेल आला, "नमुन्यात थोडा बदल, सोबतचं चित्र बघा." नाव त्या व्यापाऱ्याचंच. तिनं घाईत ते चित्र उघडलं. काहीच उघडलं नाही. "नेट मंद असंल," म्हणून ती समया घासायला आली. मी तिथंच होते. तिलाही काही वाटलं नाही न् मलाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. आप्पांचा आणखी एक नेम आहे. हत्याराचं एकही अंग वेगळं ठेवायचं नाही. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी पाहिजे, मागाला पट्टा चढवलेला पाहिजे. धाकटीकडं एक छोटी हार्ड डिस्क होती. सगळ्या नमुन्यांची दुसरी प्रत त्यात ठेवून ती डिस्क कपाटात, कॉम्प्युटरपासून लांब ठेवायची. आप्पांनी विचारलं, "हे काय? ह्याच्यातलंच न्हवं? मग जोड की."

"आप्पा, ती वेगळीच ठेवायची असते," ती म्हणाली.

इथं मी तोंड घातलं. "का गं? आमच्या धोट्याला एक नेम आणि तुझ्या यंत्राला दुसरा? सोवळ्यातलं आहे काय तुझं?"

सगळे हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं मुकाट्यानं डिस्क जोडली. काळा पडदा अशुभ दिसतो म्हणून कॉम्प्युटर चालूच ठेवला, आणि आप्पांना हौस म्हणून सगळ्या नमुन्यांची बारकी बारकी चित्रं पडद्यावर ओळीनं मांडली. हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. पहिला नारळ तिच्या यंत्राला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुपारी एकच्या सुमाराला नैवेद्याचं ताट घेऊन मी त्या खोलीत गेले. ताट ठेवलं आणि पडद्याकडं नजर गेली. वरच्या दोन ओळी पांढऱ्या झालेल्या. चित्रं गेली होती, नुसती कोरी पानं, आणि खाली नावाला कसलंतरी शेपूट लागलेलं. मी बघता बघता तिसऱ्या ओळीतला एक काठ गेला. मग शेजारचा गेला. डिस्कवरचा दिवा लुकलुकत होता. मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, पण हे बरं चाललेलं नाही एवढं कळायला कोर्स कशाला लागतो?

हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मालकांचा आवाज आला. उचगावचे पाहुणे जेवायला आलते, त्यांना सांगत होते, "धाकटी आली आणि घराचं नशीब उघडलं बघा." पाहुणे म्हणाले, "व्हय तर! लक्ष्मीच की."

वीस वर्षं. वीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याबद्दल असं एक वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं.

मी तोंड मिटलं. आज हात लावायचा नसतो, असं मनाशी म्हटलं, जणू मोठी नेमाची बाई! खोलीचं दार ओढून घेतलं आणि पाहुण्यांना पुऱ्या वाढायला गेले.

दसऱ्याच्या सकाळी धाकटीची किंकाळी ऐकू आली. पडद्यावर चित्रांच्या जागी इंग्रजी मजकूर होता. तिनं वाचून दाखवला. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्यात, किल्ली आमच्याकडं आहे, इतक्या दिवसांत पैसे भरा, तेही कसल्या इंटरनेटवरच्या नाण्यांत, नाहीतर किल्ली कायमची जाईल.

टिळकवाडीतून कॉम्प्युटरवाला आणला. त्यानं आप्पांना नीट समजावलं. त्या ई-मेलमधलं चित्र हे चित्र नव्हतंच, आत शिरणारा प्रोग्राम होता. पत्ता व्यापाऱ्यासारखा दिसणारा, पण दुसराच. आला की लगेच गडबड करत नाही, सुट्टीची वाट बघतो. मग एकेक फाइल घेतो आणि तिच्यातला मजकूर असा फिरवून टाकतो की किल्लीशिवाय कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. फाइल घरातच असते, चोरी झालेली दिसत नाही, पण उपयोग शून्य. "आणि जोडलेलं असंल तेवढं सगळं खातो. ही डिस्क कपाटात असती तर तासाभरात सगळं परत आणलं असतं मी. बरं, ह्याला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत चाललंय हे. दुपारी कुणी बघून नुसती वायर उपसली असती तरी निम्मं वाचलं असतं."

मी दारात उभी होते.

दीर म्हणाला, पैसे भरूया. कॉम्प्युटरवाला म्हणाला, भरूनही किल्ली देतील याचा भरवसा नाही. आप्पा ताडकन उठले, "चोराच्या पायरीवर जायचं न्हाय!" आणि मग सगळ्यांचा राग धाकटीवर. तूच उघडलास, तूच आणलीस ऑर्डर, तुझ्याच शब्दावर हे सगळं. डिस्क कुणाच्या टोमण्यामुळं जोडली हे कुणाला आठवलं नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली. जे बघायला मी पाच वर्षं तळमळत होते ते समोर घडत होतं, आणि थोडं बरंही वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

ऑर्डर वाचवायला एकच वाट उरली. पाचही नमुने जुन्या काठांवरून घेतलेले, आणि ते जुने काठ आमच्याच घरातल्या साड्यांवर होते. साडी पसरायची, भिंग लावायचं, धागे मोजून नक्षी पुन्हा कागदावर घ्यायची. हे काम घरात एकटीला येत होतं, मला. मी मोजून आकडा सांगायची, धाकटी चौकटी भरायची, मग ते कॉम्प्युटरात. पंधरा दिवस आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसलो. आप्पा स्वतः चहा आणून द्यायचे. मालक म्हणाले, "थोरली होती म्हणून वाचलो." वीस वर्षं वाट बघितलेलं वाक्य, आणि मी वर न बघता पुढचे धागे मोजायला घेतले.

चौथा नमुना संपता संपता मला राहवेना. मान खाली ठेवूनच म्हणाले, "ऐक गं. त्या दिवशी मी बघितलं होतं. चित्रं जाताना. आणि गप्प बसले."

तिची पेन्सिल थांबली नाही. "मला माहीत आहे, आक्का."

"काय माहीत आहे?"

"कुठली फाइल कधी गेली त्याची वेळ दाखवली त्या कॉम्प्युटरवाल्यानं. साडेबाराला सुरू झालंतं. एक वाजता नैवेद्य घेऊन तुम्हीच गेलता."

"मग बोलली का न्हाईस? सगळे तुलाच बोलत होते की!"

"बोलून नमुने परत आले असते? तुम्हाला आप्पांनी नको नको ते ऐकवलं असतं, आणि तुम्ही रुसून बसला असता तर हे धागे कुणी मोजले असते?" तिनं पुढची चौकट भरली. "आणि वाईट वाटलं मला. लई वाटलं. पण घरात तुमच्यावाचून मला शिकण्यासारखं कुणी नव्हतं."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण ही पोर इतके दिवस सगळं जाणून माझ्या शेजारी बसली होती, आप्पांनी आणलेला चहा आधी माझ्या हातात देत होती आणि कुणाला अवाक्षर बोलली नव्हती. नक्षीत ती मोठी, कमाईत ती मोठी, आणि आता मनानंही तीच मोठी. माझ्यासाठी काही ठेवणार आहे की नाही ही बाई?

"पुढचा आकडा सांगा," ती म्हणाली.

मी भिंग डोळ्याला लावलं, धागे मोजायला लागले, आणि तिच्यावर पुन्हा जळायला लागले.