कप्तान दोन दिवस खोलीत

माझी आत्या चौदा वर्षं प्रवासी जहाजावर परिचारिका आहे. "बोट लागत नाही का गं?" असं विचारलं की म्हणते, "आधी मला लागायची, आता बोटीलाच माझी सवय झालीय."

एका सफरीत जुलाब-उलट्यांची साथ आली. डॉक्टरच आडवे झाले, म्हणून सगळा भार आत्यावर आला. तिने नऊ प्रवाशांना दोन दिवस खोलीबाहेर पडायला मनाई केली. पैसे भरून कोंडून घ्यायचं का, म्हणून त्यांनी आरडाओरडा केला.

दुसऱ्या सकाळी खुद्द कप्तान पोट धरून दवाखान्यात आले.

"सिस्टर, पटकन गोळी द्या. मला वर जायचंय."

"गोळी देते, पण वर जायचं नाही. तुम्हीही दोन दिवस खोलीत."

"अहो, मग जहाज कोण चालवणार?"

"तुमचे दुय्यम अधिकारी. त्यांचं पोट ठणठणीत आहे, मी आत्ताच विचारलं."

कप्तान हसले आणि निमूटपणे खोलीत गेले. बातमी जहाजभर झाली, तशी प्रवाशांची कुरकुर थांबली. चार दिवसांत साथ आटोक्यात आली.

कामावर परतताना कप्तान दवाखान्यात डोकावले. "आता जाऊ ना?"

"साबणाने हात धुतलेत?" आत्याने विचारलं.

कप्तान मुकाट्याने नळाकडे वळले.